भरल्या गाड्यांचं रिंगण

हर्षल पाठराबेची कोणी तारीफ केली की उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि त्या संध्याकाळी तर आख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. वितरकांच्या संघटनेनं त्याला शाल पांघरली, नारळ दिला, मध्य भारतातलं सगळ्यात भरवशाचं गोदाम म्हणून मानचिन्ह दिलं. तो माइकसमोर आला, गळा दाटून आल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आज मी जो काही आहे तो बाबूजींमुळे. बळीराम बारापात्रेंनी मला हाताला धरून धंदा शिकवला. भरली गाडी दारातून परतवू नये, हे त्यांचं वाक्य मी आजही पाळतो."

दुसऱ्या रांगेत उज्ज्वला बसली होती. ती बळीराम बारापात्रेंची थोरली मुलगी. शेजारी तिची धाकटी बहीण सोनल, म्हणजे हर्षलची बायको, ओढणीनं डोळे टिपत होती. उज्ज्वलाला वाटलं, जावं आणि त्याच नारळानं ह्याचं टाळकं फोडावं. मेल्या, ज्या हातानं तुला शिकवलं तोच तोडलास, आणि वर त्याचं नाव घेतोस! पण ती उठली नाही. तिनंही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जोरात. सोनलनं तिचा हात दाबला.

"ताई, तू आलीस नं, मला खूप बरं वाटलं."

"काऊन नाही येणार? घरातलंच माणूस आहे," उज्ज्वला म्हणाली.

आता हा राग कुठला ते सांगायचं, तर आधी मुंगीजाळं सांगावं लागेल. कंटाळू नका, फार नाही.

पूर्वी माल कोणत्या रस्त्यानं जाईल, कोणत्या गोदामात थांबेल हे माणसं ठरवायची. फोन, ओळखी, शिव्या, चहा. साबणाची एक वडी कारखान्यातून निघून किराणा दुकानात पोचेपर्यंत कितीतरी ठिकाणी चढायची-उतरायची, आणि प्रत्येक ठिकाणी "उद्या पाहू" म्हणायला एक जण बसलेला असायचा. मग कोणीतरी हुशार माणसांनी मुंग्यांकडं पाहिलं. मुंग्यांना मुकादम नसतो. साखर सापडलेली मुंगी परत येताना जमिनीवर वास सोडत येते. मागची त्या वासावर जाते आणि आपलाही वास त्यात टाकते. वाट जवळची असेल तर फेऱ्या जास्त होतात, वास दाट होतो. वाट लांबची असेल तर मधल्या मधे वास उडून जातो. एवढ्याशा युक्तीवर आख्खं वारूळ बरोबर सोप्या वाटेनं चालतं.

मालाच्या पेट्यांना तेच शिकवलं. प्रत्येक पेटीत नखाएवढा सेन्सर बसवला. कोणत्या डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवा-उतरवायच्या ओट्यावर, आपण किती ताटकळलो, किती आपटलो, किती तापलो, हे पेटी स्वतः टिपते आणि मागून येणाऱ्या पेट्यांसाठी तिथं एक आकडा सोडून जाते. कागदोपत्री त्याला गंधांक म्हणतात. गोदामातले हमाल सरळ वास म्हणतात. मागची पेटी पुढच्या सगळ्या गोदामांचा वास घेते, जिकडं चांगला तिकडं वळते, आणि बिनड्रायव्हरची गाडी तिला घेऊन जाते. मधे दलाल नाही, साहेब नाही. हेच ते मुंगीजाळं. वास रोज थोडा थोडा उडतो, म्हणजे जुनी चूक कालांतरानं माफही होते. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळं चहूकडचा माल इथूनच वळायचा, आणि अमरावती रोडवरच्या वाडीतल्या गोदामांचं नशीब त्या आकड्यावर चढायचं, उतरायचं.

बाबूजींचं गोदाम वाडीतलं जुनं. हर्षल तिथं मुकादम होता. सोनलशी लग्न झाल्यावर त्याला वाटलं, आता चाव्या आपल्याकडं येणार. बाबूजींनी चाव्या दिल्या थोरलीला. उज्ज्वलानं लग्नबिग्न केलं नव्हतं, शिक्षण झाल्यापासून ती डॉकवरच उभी होती, आणि माल कसा हलतो हे तिला हर्षलच्या दुपटीनं कळत होतं. हर्षल हसून म्हणाला, "बरोबरच आहे." मग मे महिन्यात बाबूजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उज्ज्वला दवाखान्यात अडकली, आणि त्या दुपारी हर्षलनं भरल्या पेट्यांच्या थप्प्या बाहेर उन्हात लावायला सांगितल्या. आत जागा असताना! नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, बाप्पा! गुणवंता नावाच्या हमालानं त्या थप्प्या लावल्या होत्या. तो पुढं उज्ज्वलाला म्हणाला, "मी बोललो त्यांना, माल उकडून जाईल. ते म्हणे, उकडू दे."

पेट्यांनी भोगलं ते टिपलं. वास बसला. आणि एकदा वास बसला की पेट्या येत नाहीत, पेट्या आल्या नाहीत तर चांगला वास सोडणार कोण? तो उडून जायची वाट पाहता पाहता हमाल गेले, मशिनं गेली. हर्षलनं रस्त्याच्या पलीकडं स्वतःचं गोदाम उघडलं. उज्ज्वलानं सगळ्या घरासमोर त्याला जाब विचारला, तर म्हणतो कसा, "पेट्या काय खोटं बोलतात काय?" आणि सोनल नवऱ्याच्या बाजूनं बोलली.

बाबूजी रोज सकाळी रिकाम्या डॉकवर खुर्ची टाकून बसायचे. गाडी आलीच तर पटकन उठता यावं म्हणून पायातली चप्पलही काढायचे नाहीत. गाड्या त्यांच्या डोळ्यांदेखत पलीकडं वळायच्या. त्या खुर्चीतच ते गेले. त्या दिवशी उज्ज्वलानं ठरवलं की हा माणूस एक दिवस असाच रिकाम्या डॉकवर बसेल, आणि हे कोणी केलं ते त्याला कळेल. दोन्ही व्हायला पाहिजे होतं. त्याला कळलं नाही तर त्या बसण्यात तिला काडीचा रस नव्हता.

पण करायचं कसं? त्यानं केलं तसं आता कोणाला करता येत नव्हतं. अशा खोड्या बऱ्याच ठिकाणी झाल्यावर जाळं चालवणाऱ्यांनी कुलूप घातलं. एखाद्या डॉकबद्दल वाईट आकडा सोडायचा तर वेगवेगळ्या गाड्यांतल्या तीन पेट्यांची साक्ष जुळावी लागायची. हर्षल त्या नियमाचं फार कौतुक करायचा. चोराला कुलपाचं कौतुक असतंच.

उपाय त्यानंच तिच्या हातात आणून दिला. भरला माल जातो तशा रिकाम्या पेट्या परत येतात. वितरणाचं हे अर्धं अंग कोणाला दिसत नाही, त्याला कोणी शाल देत नाही. त्या धुवाव्या लागतात, वाळवाव्या लागतात, सेन्सर तपासावे लागतात. एक दिवस हर्षल तिच्या ओसाड गोदामात आला, नाकाला रुमाल लावून, आणि म्हणाला, "ताई, माझ्या पेट्या धुण्याचं काम तुम्हीच घ्या. घरातलं काम घरात राहिलं तर बरं." तिच्या बापाच्या गोदामात तिनं ह्याची भांडी घासायची! तिनं मान खाली घातली आणि हो म्हटलं. पोट कोणाला चुकलंय?

धुलाईत एक अडचण होती. ओल्यातच सेन्सर जागा झाला तर धुण्याच्या मशिनातले धक्केही तो टिपायचा. म्हणून धुतल्यावर त्याला काही वेळ झोपवून ठेवायची परवानगी होती. किती वेळ, ते धुणाऱ्यानं ठरवायचं, एका मर्यादेत. ही मर्यादा ठरवणाऱ्यानं बहुतेक पावसाळ्यातलं वाळवण डोळ्यांसमोर ठेवलं असावं, कारण ती भलतीच ऐसपैस होती. उज्ज्वलानं हिशोब केला. पेटी तिच्याकडून धुऊन रस्ता ओलांडून हर्षलच्या डॉकवर जाणार, तिथं भरली जाणार, ताटकळणार, आपटणार, गाडीत चढणार, आणि तोवर सेन्सर गाढ झोपेत. जाग येणार ती थेट हायवेवर. मग पेटी स्वतःला विचारणार, मी कुठून निघाले? पाठराब्यांकडून. किती ताटकळले? काहीच नाही. किती आपटले? मुळीच नाही. वा, काय डॉक आहे!

हे सुचलं तेव्हा ती एकटीच हसत सुटली, खोकला येईपर्यंत हसली. वाईट बोलायला तीन साक्षीदार लागतात. चांगलं बोलायला एकही लागत नाही. तारीफ कोण तपासतो?

गुणवंता आता तिच्याकडं पेट्या धुवायला होता. त्यानं विचारलं, "ताई, हे काय करून राहिल्या?"

"जवाईबापूंचं भलं," ती म्हणाली. आणि खरंच, नियमाबाहेरचं तिनं काही केलं नव्हतं.

होळीच्या सुमारास सुरुवात केली. महिन्याभरात हर्षलच्या डॉकचा वास असा दरवळला की इंदूरचा माल, हैदराबादचा माल, रायपूरचा माल, सगळा त्याच्याकडं धावला. त्यानं नवीन शेड बांधलं, मशिनं घेतली, शीतगृह वाढवलं. माणूस फुगला की तपासत नाही, आपण कशानं फुगलो. त्याला वाटलं, माझी हुशारी. ते सभागृह, ती शाल, तो नारळ ह्या सगळ्याची खरी धनीण दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या मनात एकच होतं: खा लेका, अजून खा.

तिला घाई नव्हती. तिला पोळ्याची वाट पाहायची होती.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, सोबत बडगे, सगळे गावाची इडा पिडा घेऊन जाणारे पुतळे, आणि रस्त्यात माणसांचा समुद्र. त्या दोन-तीन दिवसांत हमाल हाताला लागत नाहीत, मशिनं दुरुस्त करणारी पोरंही पुतळ्यामागं नाचत असतात. शहाणी गोदामं ह्या दिवसांत फाटक लावून घेतात. गाड्यांना आत घेतलं नाही की वास विरळ होतो, माल दुसरीकडं वळतो, आणि सण झाला की फाटक उघडून पुन्हा कामाला लागायचं. हाच एक उतारा होता. एक दिवस फाटक लावलं असतं तर हर्षल वाचला असता. पण भरली गाडी दारातून परतवायची नाही, हे त्यानं शाल पांघरून सगळ्या गावासमोर म्हटलं होतं. आता कोणत्या तोंडानं फाटक लावणार?

पोळ्याच्या आधी उज्ज्वलानं धुतलेल्या पेट्यांचे ढीग साठवून ठेवले होते. ते सगळे एकदम पाठवले. झोपेची मर्यादा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली.

माल आला. आणि आला, आणि येतच राहिला. पहिल्या दिवशी हर्षलनं फोटो टाकला, फाटकापासून हायवेपर्यंत उभ्या गाड्यांचा, खाली लिहिलं, "विश्वास." दुसऱ्या दिवशी हायवेवर जागा उरली नाही. मागच्या गाड्यांना पोलिसांनी पुढं हाकललं, त्या बाहेरच्या रिंग रोडनं बुटीबोरीकडं गेल्या. बुटीबोरीच्या गोदामांजवळ पेट्यांनी पुन्हा वास घेतला, तर सगळ्यात चांगला वास कुठला? पाठराब्यांचा. पेटी आकडा सोडते ती डॉकवरून निघताना, आणि आत अडकलेल्या पेट्या अजून निघाल्याच नव्हत्या. गाड्या वळल्या. वाडीला जागा नाही, पुढं चला. पुन्हा वास, पुन्हा वळण. मुंग्यांचंही कधी कधी असंच होतं. वासाची वाट फिरून स्वतःलाच येऊन मिळते, आणि सगळी फौज गोल गोल चालत राहते. प्रत्येक मुंगी पुढचीच्या मागं जाते, थकून मरेपर्यंत. तसं रिंग रोडवर गाड्यांचं रिंगण सुरू झालं. त्यांच्यात ड्रायव्हर नव्हता, म्हणून खिडकीतून डोकं काढून "अबे, आपण इथूनच गेलो नं मघाशी?" असं विचारणारंही कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, मारबतीच्या दुपारी, सोनलचा फोन आला. उज्ज्वला इतवारीत गर्दीत उभी होती. पुतळा पुढून चालला होता आणि लोक घसा फोडून ओरडत होते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! ती एका दुकानाच्या पायरीवर चढली, एका कानावर हात ठेवला.

"ताई, कुठं आहेस तू? अगं, माल थांबूनच नाही राहिला." सोनलचा आवाज फाटला होता. "आत पाय ठेवायला जागा नाही. शीतगृहाचं दार लागत नाही, इतकं भरलं. हमाल नाहीत. हे ऐकतच नाहीत, म्हणतात असा दिवस पुन्हा यायचा नाही. मी फाटक लावू का गं? त्यांना न विचारता लावून टाकते. तू बाबूजींच्या हाताखाली शिकलीस, तुला कळतं. तू सांग, मी तसंच करते."

उज्ज्वलाचा जीव एक क्षण घुटमळला, हे खरंच सांगायला हवं. लहानपणी सोनल अशीच यायची, चपलेचा पट्टा तुटला तरी तिच्याकडं, गणित आलं नाही तरी तिच्याकडं. एका शब्दाचं काम होतं. लाव, एवढं म्हटलं असतं तर बहिणीचं घर वाचलं असतं. पण मग तिला ती खुर्ची दिसली. खुर्चीतले बाबूजी आणि त्यांच्या पायातली चप्पल. त्या वेळी बाबूजींना पाहूनही तू नवऱ्याच्या बाजूनं बोललीस नं, बाई?

"सोनू, घाबरू नको," ती मायेनं म्हणाली. "बाबूजी काय म्हणायचे? भरली गाडी दारातून परतवू नये. लक्ष्मी आहे ती. येऊ दे येईल तितकी. अजून घ्या, होईल सगळं."

"नक्की नं, ताई?"

"मी सांगून राहिली नं!"

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "बरं. तू सांगितलंस म्हणजे झालं," सोनल म्हणाली. पुतळा पुढं गेला. उज्ज्वलानं फोन पर्समध्ये ठेवला आणि तीही गर्दीबरोबर ओरडली, घेऊन जा गे मारबत.

त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. शीतगृहाच्या उघड्या दारानं आतली थंडी गेली. दुधाचे पदार्थ फुगून फुटले, मासळी कुजली, फळांचं पाणी रस्त्यापर्यंत आलं. आणि हे आता झोपलेल्या पेट्यांचं काम नव्हतं. देशभरातून आलेल्या जाग्या पेट्या होत्या त्या, टक्क जाग्या. त्यांनी एकूण एक गोष्ट टिपली. तीन साक्षीदार लागायचे, तिथं हजारो उभे राहिले. कुठंच खोटं नव्हतं. हर्षलच्या डॉकचा असा वास बसला की वाडीच्या वाऱ्यालाही पेटी फिरकेना.

बातम्यांत दाखवलं की रिंगणात फिरणाऱ्या एका गाडीत गडचिरोलीच्या दवाखान्याकडं निघालेल्या डायलिसिसच्या पिशव्या होत्या. शेवटी त्या हेलिकॉप्टरनं पोचवल्या. कोणी दगावलं नाही म्हणे. त्या "म्हणे"वर उज्ज्वला जेवता जेवता थांबली. तिनं ताट बाजूला सारलं, टीव्ही बंद केला आणि आपल्याच मनाला दटावलं, की तो आपला विचार नव्हता, आपला विचार एकाच माणसाचा होता. मन ऐकेना, तर तिनं उठून डॉक झाडून काढला.

गुणवंतानं दुसऱ्या दिवशी काम सोडलं. "तुमचं चुकलं म्हणत नाही मी," तो म्हणाला. "पण मला इथं झोप नाही येणार." तिनं त्याला थांबवलं नाही.

दिवाळी गेली. हर्षलचे हमाल गेले, मशिनं नेली, नवीन शेडाचे पत्रेही कोणी उतरवून नेले. उज्ज्वला पलीकडून रोज पाहायची. आणि एका सकाळी तिला हवं होतं ते दिसलं. हर्षलनं डॉकवर खुर्ची टाकली होती आणि तो रस्त्याकडं पाहत बसला होता.

तिनं चांगली साडी नेसली, केस विंचरले आणि रस्ता ओलांडला. अर्धं काम झालं होतं. अर्धं बाकी होतं.

"या ताई, बसा," हर्षल म्हणाला. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. पण डोळे? डोळे पाहून ती चरकली. ते चमकत होते. "पाहिलं नं? संपलं सगळं. माझंच नाव मला भोवलं, ताई. आख्खा देश माझ्या दारात उभा होता! मुंबईचं गोदाम नाही, दिल्लीचं नाही, हर्षल पाठराबेचं गोदाम! असं आजवर कोणाचं झालं नाही. लोक पुढं सांगतील, की एक माणूस होता, त्याच्यावर इतका भरवसा होता की त्या भरवशानंच तो दबला."

हा मेला दुःखात नव्हताच! आपल्या नाशाचीही ह्यानं शाल करून पांघरली होती. तिच्या बापानं त्या खुर्चीत मान खाली घालून जीव सोडला, आणि हा त्याच जागी ताठ मानेनं बसून कहाणी रचत होता!

"नाव तुझं नव्हतं," ती म्हणाली. "ते मी केलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. झोपवलेले सेन्सर, साठवलेल्या पेट्या, पोळ्याचा मुहूर्त. एकेक शब्द सुटा करून सांगितला, म्हणजे प्रत्येक त्याला लागावा.

हर्षलनं ऐकून घेतलं. मग तो हळूच हसला आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "ताई, तुम्हाला वाईट वाटून राहिलं, समजतं मला. पण माझं अपयश तुम्ही काऊन अंगावर घेता? पेट्या धुऊन कोणाला एवढं करता येते काय? अहो, काम चांगलं होतं म्हणून माल आला."

"काम चांगलं नव्हतं तुझं!" ती किंचाळली. "तुझ्या डॉकवर पेट्या आपटत होत्या! ताटकळत होत्या! त्या झोपेत होत्या म्हणून गप्प होत्या! बाबूजींना मारलंस तू, त्याची ही भरपाई आहे, कळतं का तुला?"

"बाबूजींवरच गेल्या तुम्ही," तो मान हलवत म्हणाला. "मोठं मन आहे."

तिला वाटलं, आता आपण वेडे होऊ. इतकी वर्षं जे उराशी धरलं ते ह्याला देऊन टाकलं, आणि हा ते घेतच नव्हता.

"तिनंच केलंय."

दारात सोनल उभी होती, हातात चहाचे दोन कप. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"अगं, त्यांच्या मनाला लागलं म्हणून त्या..." हर्षल म्हणाला.

"तुम्हाला नाही माहीत. मला माहीत आहे." सोनल पुढं आली. "मी लहान असताना हिचा एक लाडू चोरून खाल्ला होता. हिनं मला मारलं नाही. आईला सांगितलं नाही. जवळ बसवलं आणि म्हणाली, आवडला नं सोनू, घे अजून. एक झाला, दुसरा झाला. मी नको म्हणत होते, रडत होते, आणि ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. घे बाई, तुझ्यासाठीच ठेवलेत. आख्खा डबा खाऊ घातला मला. दोन दिवस ओकत होते." ती उज्ज्वलाकडं वळली. "त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, अजून घ्या. तोच आवाज होता तुझा. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

उज्ज्वलानं नाही म्हटलं नाही, आणि तेवढं पुरलं.

हर्षल आधी बायकोकडं पाहत होता, मग त्यानं उज्ज्वलाकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली चमक जाताना तिनं पाहिली. सभागृह गेलं, शाल गेली, दारातला आख्खा देश गेला. तो खुर्चीत एकदम म्हातारा दिसायला लागला. त्याची मान खाली गेली, आणि ती वर आली नाही. कळलं होतं त्याला. अखेर कळलं होतं.

सोनलनं एक कप नवऱ्याच्या हातात दिला. दुसऱ्या कपाकडं क्षणभर पाहिलं, आणि तो डॉकवरून खाली मातीत ओतून टाकला. "पुन्हा ह्या दारात येऊ नको," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती बहिणीला ताई न म्हणता बोलली.

उज्ज्वलानं रस्ता ओलांडला. दोन्हीकडं पाहायची गरज नव्हती, वाडीतून हल्ली गाड्या जातच नव्हत्या. तिच्या डॉकवर धुवायला एक पेटी नव्हती, आणि आजारी पडली तर कळवायला ह्या जगात एक माणूस नव्हतं. घरी येऊन तिनं साडी बदलली, कणीक मळली, वांग्याची भाजी टाकली, झणझणीत. मधे एकदा तिला वाटलं की आता रडू येईल, म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. मग खोटं कशाला सांगा, बाबूजी गेल्यापासून पहिल्यांदाच ती त्या दिवशी पोटभर जेवली.